आईला इथला पाऊस आवडतो म्हणे

जुलै लागला की पूर्वेच्या डोंगरामागून दुपारी ढग वर येतो, आणि मी सवयीनं त्याच्याकडे पाठ करते. आमच्याकडे ढगाला लगेच भाव देत नाहीत. मी दहिवडीची. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आणि धबधबे आठवतात. आम्ही त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचे, जिथे ढग फक्त वरून जाताना दिसतात. पश्चिमेच्या डोंगरांनी सगळं पाणी उतरवून घेतलेलं असतं आणि उरलेले रिकामे ढग आमच्या डोक्यावरून पुढे जातात. लहानपणी मी त्यांना हात दाखवायची, एसटीला दाखवतात तसा. एकही थांबल्याचं आठवत नाही.

त्यात माझा व्यवसायही संशयाचाच. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी ‘चालतंय’ म्हणालं की माझं काम सुरू होतं. चालतंय म्हणजे कुठे चालतंय, कुणापुढे चालतंय, दहाव्यांदा दाबल्यावर चालतंय का? सतरा वर्षं हेच करून पगार घेतल्यावर तो स्वभाव संध्याकाळी उतरवून खुंटीला टांगता येत नाही. माझा नवरा नितीन नागपूरचा. तो म्हणतो, “यार, तू हॉटेलात गेली तर मेन्यूचं पण टेस्टिंग करते.” करते मी. त्या मेन्यूत चुका असतात.

अ‍ॅरिझोनात मान्सून असतो, हे मी इथे अमेरिकेत, चँडलर शहरात राहायला आले तेव्हा कुणीतरी सांगितलं. मला ती थापच वाटली. निवडुंगाच्या मुलखात कसला आलाय मान्सून! पण असतो. जून संपता संपता वारा दिशा बदलतो, दक्षिणेकडून ओल येते, आणि इतके दिवस कोरडी तापणारी हवा एकाएकी अंगाला चिकटायला लागते. दुपारी डोंगरावर ढग चढतात. त्या डोंगराचं नाव सुपरस्टिशन, म्हणजे अंधश्रद्धा. ज्या डोंगराचं नावच हे, तिथून येणाऱ्या ढगावर भरवसा ठेवायचा कसा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि तो ठेवण्यासारखा नसतोच. कधी ढग तासभर गडगडतो, चार विजा पाडतो आणि निघून जातो. गरजेल तो पडेल काय, हे आम्हांला गावाकडेच ठाऊक होतं. कधी पाऊस खरोखर पडतो, ढगाखाली लोंबणारी करडी झालर स्वच्छ दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. वाटेत हवेतच सुकून जाते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा संतापच झाला. गावाकडचा न आलेला पाऊस निदान दिसत तरी नव्हता. कधी नुसतीच धूळ येते, दोन-तीन मजली नव्हे, पार आभाळाला टेकलेली तपकिरी भिंत, आणि ती यायच्या आधी घरातले सगळे फोन एकदम किंचाळतात. मग घरातली माणसं खिडक्या लावायला धावतात आणि पंधरा मिनिटांनी अंगणातल्या पोहण्याच्या तलावात चहा झालेला असतो.

पण कधीतरी तो येतो. अगदी अंगावर येतो. वारा आधी खडीवरून सरसर करत येतो, पालो वर्डेची हिरव्या खोडाची झाडं जमिनीला टेकतात, वाळवंटातल्या क्रिओसोट नावाच्या झुडपाचा कडू औषधी वास सुटतो, आणि मग कौलांवरून पाणी नुसतं ओतायला लागतं, कारण इथल्या घरांना पन्हाळीच नसतात. वीज इथे आडवी धावते. सगळं सपाट असल्यामुळे ती कुठून निघाली आणि कुठे गेली ते पुरतं दिसतं. अर्ध्या तासात तापमान तीसेक डिग्री फॅरनहाइट उतरतं. संध्याकाळी वस्तीतल्या खोलगट मैदानात पाणी साठतं, आणि वर्षभर मातीखाली दडून बसलेले बेडूक वर येऊन शेळीसारखे ओरडतात.

मला तो आवडतो. हे कबूल करायला बरीच वर्षं लागली, कारण मला तो काहीतरी लबाडी केल्यासारखा आवडतो. मी ज्या घरात वाढले तिथे पाऊस म्हणजे हौदात किती बोटं पाणी, टँकर मंगळवारी येणार की शुक्रवारी, आणि दप्तर ठेवून हंड्यांच्या रांगेत कुणी उभं राहायचं. इथे माझ्या गल्लीत पाऊस न आल्यानं कुणाचंच काही अडत नाही. नळ सोडला की पाणी. मग अंगणात खुर्ची टाकून, हातात चहा घेऊन पाऊस नुसता बघायचा, ही चैन मला पचत नाही. चोरून खाल्लेल्या गुळासारखा तो गोड लागतो आणि मधूनच मागे वळून बघावंसं वाटतं.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई आली होती. दादा, म्हणजे माझे वडील, जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची पिठाची गिरणी बंद पडली होती आणि आई दहिवडीच्या घरात एकटी राहत होती. आम्हांला त्याच सुमारास इथलं नागरिकत्व मिळालं, त्यामुळे तिच्यासाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येणार होता. ती एप्रिलमध्ये आली, ऑक्टोबरात तिची मुदत संपायची. त्याआधी एकच गोष्ट ठरवायची होती: आईला कायमचं इथे ठेवून घ्यायचं, की परत एकटीला पाठवायचं. सरळच सांगते, मला आई हवी होती. पण तिच्या मनाविरुद्ध नको होती. आणि तिच्या मनात काय आहे हे तिला विचारून कळेल, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

कारण आई सगळ्याला छान म्हणत होती. घर छान. मॉल छान. पोहण्याचा तलाव छान, त्यात ती पाऊलही बुडवत नव्हती तरी. माझी मुलगी इरा पियानोवर तोच चुकीचा सूर आठ वेळा वाजवायची, तेही छान. मग एकदा मी ज्वारीची भाकरी केली. इथल्या जुन्या पिठाची, कडा फाटलेली, मध्ये कच्ची. आईनं दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “छान झालीय.” माझ्या मनात पाल चुकचुकली. हीच बाई मी चौदा वर्षांची असताना माझी भाकरी उचलून म्हणाली होती, “ही भाकरी हाय का घोंगडं?”

हे समजायला आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे पावसाला चांगलं म्हणत नाहीत. चांगलं म्हटलं की तो जातो. गिरणीवर दळण घेऊन आलेला माणूस भिजून चिंब झालेला असायचा, पत्र्यावर पाऊस बडवत असायचा, आणि तो दादांना ओरडून विचारायचा, “कसा हाय पाऊस?” दादा पट्ट्यावरून नजर न काढता सांगायचे, “हाय आपला.” एवढंच. ही रीत पावसापुरती राहिली नाही, जे जे टिकावं असं वाटे त्या सगळ्याला लागू झाली. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा दादा लोकांना सांगत होते, “झाली पास.” इरा जन्मली तेव्हा आईनं व्हिडिओवर तिला पाहिलं, डोळे पुसले आणि म्हणाली, “हाय बारीक.” छान हा शब्द आमच्या घरी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखा होता. घरातल्या माणसाला तो कधी मिळाला नाही.

तेव्हा आई छान म्हणत होती याचा अर्थ मला कळत होता. ती माझ्या घरी पाहुणी होती.

जुलैत ढग यायला लागले आणि तिनं एक नवीनच सुरू केलं. रोज चार वाजता अंगणातल्या छपराखाली खुर्ची पुसायची, पदर खोचून बसायची आणि डोंगराकडे बघायची. बाहेर अंगाची लाही होत असायची. मी काम टाकून तिच्या शेजारी जाऊन बसायची, कधी मीटिंग कॅन्सल करून. वीज चमकली की ती म्हणायची, “वैशे, तुझा पाऊस लई छान हाय गं.” तुझा पाऊस! जन्मभर ज्या बाईनं ढगाला कधी बरं म्हटलं नाही, ती अमेरिकेतल्या फसव्या ढगांचं कौतुक करत होती. एकदा ती झालर लोंबायला लागली तेव्हा इरा म्हणाली, “आजी, दॅट्स नॉट रेन. इट डझन्ट टच द ग्राउंड.” मी अर्थ सांगितला. आई हसली. “मंग आमच्याकडचाच हाय की,” म्हणाली. त्या महिनाभरात मला खरं वाटलेलं तिचं हे एकच वाक्य.

मी तपास सुरू केला. तिची बॅग पाहिली. तीन महिने झाले तरी निम्मी लुगडी बॅगेतच, घडी घातलेली. मी कपाटात एक अख्खा कप्पा रिकामा करून दिला होता, त्यात एक स्वेटर आणि देवीचा फोटो. चहा करायच्या आधी ती मला विचारायची, “ठिवू का आधण?” स्वतःच्या लेकीच्या घरी गॅस पेटवायला परवानगी! मी खोलीत शिरले की ती सोफ्यावर उठून बसायची. मी हे सगळं नितीनला सांगितलं. तो कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करतो, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून, एकही खिडकी नसलेल्या खोलीत. पाऊस येऊन गेल्याचं त्याला पार्किंग लॉट ओला दिसल्यावर कळतं. तो म्हणाला, “आईंना बरं वाटून राहिलं ना? मग झालं. तू पोलीस नको बनू.”

त्याला काय जातंय म्हणायला. ज्याची आई सहा महिन्यांत परत जाणार असते, त्याला पोलीस व्हावंच लागतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी एक टेस्ट केली. बघणारं कुणी असतं तेव्हा प्रोग्रॅम नीट वागतो, नसतं तेव्हा काय करतो ते बघायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मी आईला सांगितलं, मला चार ते पाच मोठी मीटिंग आहे, तू बस बाहेर. मीटिंग कसली नव्हती. मी दार लावून घेतलं आणि खिडकीच्या पडद्याच्या पट्ट्यांमधून बघत उभी राहिले. त्या दिवशी ढग असे आले होते की वर्षात दोनदा येत नाहीत. जांभळे, एकावर एक रचलेले, आणि आत विजांचा नुसता धिंगाणा. आई खुर्चीतून उठली. ढगांकडे तिनं पाठ केली. फुलझाडांसाठी बांधलेल्या विटांच्या कट्ट्यावर चढली, टाचा उंचावल्या, आणि कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारच्या घरांकडे बघत राहिली. एक घर, दुसरं घर, मग मान वळवून तिसरं. थेंब पडायला लागले तरी हलली नाही. पाच वाजता मी बाहेर आले तर खुर्चीत बसलेली. “लई छान ढग आलते गं,” म्हणाली.

तिनं ढग पाहिलेच नव्हते. मला फार वाईट वाटलं. आई माझ्यासाठी रोज त्या उकाड्यात बसत होती, मला बरं वाटावं म्हणून. आणि मी तिला बरं वाटावं म्हणून मीटिंगा बुडवत होते. त्या रात्री जेवताना आम्ही दोघींनी एकमेकींना आग्रह करकरून आमटी वाढली.

मग ऑगस्टच्या शेवटी ते मोठं वादळ आलं. आईला इथल्या उन्हाचा एकच उपयोग सापडला होता: वाळवण. गावाकडे दोन दिवस लागतात ते सांडगे इथे दुपारपर्यंत कडकडीत व्हायचे. तिनं मागच्या अंगणात जुनी चादर पसरून मुगाचे सांडगे घातले होते. फोन किंचाळले तेव्हा मी खरंच मीटिंगमध्ये होते. बाहेर धावत आले तर पूर्वेचं आभाळ संपलेलं, फक्त धुळीची भिंत आणि ती आमच्याकडे निघालेली. आई चादरीची चार टोकं गोळा करत होती. “आई, सोड ते, आत ये!” मी ओरडले. तिनं तीन टोकं धरली, चौथं वाऱ्यानं तिच्या हातातून घेतलं, आणि सांडगे उडाले. खडीवर, भिंतीवर, तलावात, शेजाऱ्याच्या छपरावर टपटप आवाज करत.

आम्ही आत आलो. धूळ दहा मिनिटं घरावर घासत गेली. आणि मग, अजिबात न सांगता, पाऊस कोसळला. आई दार उघडून बाहेर गेली. मी तिला थांबवायला गेले आणि उंबऱ्यातच थांबले, कारण ती भांडत होती. हातात ती रिकामी चादर, केस कपाळाला चिकटलेले, आणि वर बघून मोठमोठ्यानं: “आरं मुडद्या, आत्ता सुचलं व्हय तुला? घटकाभर दम निघंना? माझं सांडगं उचलस्तवर तरी थांबायचंस की!” वीज कडाडली तर म्हणाली, “वरडू नगंस माझ्यावर.” आणि हसायला लागली. दादा गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. मीही बाहेर गेले. पायाखालची खडी अजून गरम होती आणि वरून येणारं पाणी इतकं गार की दातखीळ बसावी. इरा दारातून “मॉम, लायटनिंग! गेट इनसाइड!” असं शाळेत शिकवलेलं ओरडत होती आणि तिचं बरोबर होतं. आम्ही दोघी मूर्खासारख्या भिजलो.

नंतर टॉवेलनं केस पुसताना आई म्हणाली, निरगुडीचा काढा उकळल्यासारखा वास येतोय. मैदानातून बेडकांचा आवाज यायला लागला तर कान देऊन ऐकत राहिली. “शेळी कुनाची वरडती गं?” मी तिला खरं काय ते सांगितलं नाही, उलट जपून, शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “कसा आहे पाऊस?”

“हाय आपला,” आई म्हणाली.

मला त्या दोन शब्दांनी जो आनंद झाला तो आजवर कुठल्याही बढतीनं झालेला नाही. पाहुणी घरची झाली होती. माझी टेस्ट पास. मी दुसऱ्याच दिवशी अर्जाची कागदपत्रं छापून घेतली, सह्यांच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ठेवली. आईला बोलावलं. हातच्या काकणाला आरसा कशाला, मला वाटलं, आता विचारायचं तरी काय?

आईनं कागदांना हात लावला नाही. उभ्यानंच म्हणाली, “वैशे, मी जाते गं.”

मी चिडले. वाईट वाटायच्या आधी मी नेहमी चिडते. “मग इतके दिवस छान छान कशाला म्हणत होतीस? खोटं कशाला बोललीस?”

“पयलं खोटंच व्हतं,” आई म्हणाली. “तू यवढी मीटिंगा सोडून येऊन बसायचीस. तुला वाईट नगं वाटाय. पर मंग खरंच आवडाय लागलं. म्हनून तर जाते. आनखी यक पावसाळा बसले तर मला न्हाई उठवायचं.”

“मग बस ना! ऊठ म्हणालंय कोण तुला?”

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. “त्या दिशी तू मीटिंग हाय म्हनलीस. मीटिंग नव्हती. पट्ट्या हालत व्हत्या.” मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. आईला राग नव्हता, ती फक्त सांगत होती. “मी भितीवरनं बघत व्हते. सात घरं दिसत्यात तुझ्या भितीवरनं. मी रोज बघायची, तू भायेर यायच्या आधी. यवढा पाऊस, यवढ्या इजा, पर सात घरातलं यक मानूस भायेर आलं न्हाई. गाडी येती, दार वर जातं, गाडी आत, दार खाली. झालं.” तिनं हातानं गॅरेजचं दार खाली ओढून दाखवलं. “तिकडं सातला माझं दार उघडलं न्हाई तर समोरची कमल येऊन बडवती. तिला संशव येतो, म्हातारी पडली का काय. यकदा मी न्हानीत व्हते तर तिनं दूधवाल्याला भितीवरनं आत उतरवला. मी लई शिव्या दिल्या तिला. पर वैशे, मला ते लागतं. माझ्यावर कुनीतरी संशव घ्याया लागतो.”

“मी आहे की इथे.”

“हायस की. पर तुला मी दिसते. तुला कोन बघतं?”

मला प्रश्नच कळला नाही. मला वाटलं ती अजून स्वतःबद्दलच बोलतेय. मी म्हणाले, “इथे तसं लागत नाही आई. इथे फोन असतात, अलार्म असतो, दारावर कॅमेरा आहे.”

“छान,” आई म्हणाली.

ऑक्टोबरात ती गेली. कागद मी फाडले नाहीत, खणात ठेवले. टेस्टर काहीच फेकत नाही. पण तिचा प्रश्न माझ्याजवळच राहिला. आता ढग आले की मी कधीकधी आईसारखी त्या कट्ट्यावर चढते. सात घरं दिसतात. त्यांतल्या दोघांची नावं मला माहीत आहेत. एका घरात कुत्रा आहे, त्याचं नाव मला त्याच्या मालकाच्या आधी कळलं. इतकी वर्षं मी पावसावर संशय घेतला, ढगावर घेतला, आईच्या भाकरी खाण्यावर घेतला, आणि या सात दारांवर कधी घेतला नाही. त्यांनीही माझ्यावर घेतला नाही. याला आम्ही प्रायव्हसी म्हणतो आणि तिच्यासाठी जास्त पैसे देऊन मोठ्या भिंतीचं घर घेतो.

परवा संध्याकाळी पुन्हा तसंच वादळ आलं. नितीन पाळीवर होता, इरा मैत्रिणीकडे गेली होती. धूळ आली, पाऊस आला आणि घरातली वीज गेली. एसीची घरघर थांबल्यावर घर किती मोठं आहे ते कळतं. पावणेसात वाजले होते, म्हणजे दहिवडीत सकाळचे सव्वासात. मी रोज याच वेळी आईला फोन करते. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा केला, नाही उचलला. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. तिसऱ्यांदा न करता मी कमलवहिनीला फोन लावला. तिच्याशी मी वर्षातून एकदा, दिवाळीला बोलते.

“आगं झोपलीया ती,” कमलवहिनी पहिल्याच रिंगला म्हणाली. “रातभर लाइट नव्हती, डोळ्याला डोळा न्हाई लागला म्हनली. मी आत्ताच दार बडवून उठवली, बघितली, म्हनलं आता झोप. फोन आवाज बंद करून ठिवलाय. सकाळपास्नं इचारनारी तू तिसरी. दूधवाला येऊन गेला, मंग ती मागच्या आळीची शालन.” मी पायरीवर बसले. तेवढ्यात अंगणावर वीज पडल्यासारखा आवाज झाला आणि खिडक्या थरथरल्या.

“ह्यो कसला आवाज?” कमलवहिनी म्हणाली.

“काही नाही वहिनी. पाऊस आहे इकडे.”

“यकटीच हायस व्हय घरात?”

“नाही, नाही. सगळे आहेत.”

कमलवहिनी म्हणाली, “मंग दे की नितीनरावांकडं फोन. बोलू दे मला.”

बाहेर पाणी ओतत होतं, आत अंधारत चाललं होतं, आणि त्या सबंध वस्तीत, त्या सबंध देशात, मी खोटं बोलतेय हे फक्त दहिवडीतल्या एका बाईला कळलं होतं. मला रडू आलं. तिला तेही ऐकू गेलं असावं.

“ऱ्हाऊ दे,” कमलवहिनी म्हणाली. “दारापासनं लांब बस. आनि फोन ठिवू नगंस. ईज थांबंस्तवर बोल माझ्याशी.”